पेठेत उभी केलेली भरलेली बुलेट: थांब्यावरच्या सामानचोरीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या आतेभावाचं आणि वहिनीचं. दोघांना विचारूनच लिहिते आहे. छत्रपती संभाजीनगरहून पुणे, माझ्याकडे कोथरूडला एक मुक्काम, मग ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर आणि त्याच वाटेने परत, असा त्यांचा बेत होता. ३५० सीसीची बुलेट, दोन माणसं, डिसेंबरचे दिवस. पुण्यात मध्यवस्तीतल्या एका पे-अँड-पार्कमध्ये ही गाडी सामानासकट सव्वा तास उभी होती. तेवढ्यात दादाचं हेल्मेट, त्याचं रायडिंग जॅकेट, दोघांचे हातमोजे आणि सॅडल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातला हवा भरायचा छोटा पंप गेला.

ऐकणारा प्रत्येक जण आधी एकच म्हणतो, चांगलं कुलूप लावायला हवं होतं. कुलूप लावलेलं होतं. ते तुटलं नाही, कुणी उघडलं नाही, आजही दादाच्या बॅगेत धडधाकट आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं. प्रवासात सामान टिकणार की जाणार हे गाडी स्टँडवर लावताना ठरत नाही, घरी बॅगा भरताना ठरतं, असं माझं या प्रकरणानंतर पक्कं मत झालं आहे. कोणती वस्तू थांब्यावर अंगावर राहणार आणि कोणती गाडीवर, हे त्याच वेळी ठरून गेलेलं असतं. कुलपाची पाळी त्यानंतर येते.

गाडीवर काय होतं

सीटवरून दोन्ही बाजूंना टाकलेली कापडी सॅडल बॅगांची जोडी. मागे कॅरिअरवर टेल बॅग, हुकवाल्या बंजीने म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीने आवळलेली, आणि तिच्यावर बंजीचीच जाळी. टाकीवर लोहचुंबकाने चिकटणारी छोटी बॅग. हँडलवर मोबाइलचा होल्डर. दोन हेल्मेटं: दादाचं फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, वहिनीचं ओपन फेस, म्हणजे समोरून उघडं. दोघांची खांदे, कोपरं आणि पाठीला संरक्षक पॅड असलेली जॅकेटं. कपडे, औषधं, पंक्चरचं सामान, रेनकोट आणि आत्यांनी माझ्यासाठी दिलेला डबा.

सामान नीट विचार करून घेतलेलं होतं. बांधणीही चांगली होती, वाटेत एकदाही काही सुटलं नाही. पण ती सगळी बांधणी गाडी चालतानाची होती. सामान हलू नये, घसरू नये, चाकात अडकू नये, हा विचार झालेला. गाडी उभी असताना, आपण तिथे नसताना काय होईल, हा प्रश्न बांधताना आलाच नव्हता. दुचाकीवर लांब जाणाऱ्यांपैकी बहुतेकांची बांधणी अशीच असते, हे मी आमच्या ओळखीच्या ग्रुपमध्येही पाहते.

जॅकेटच्या आतल्या खिशात दादाने आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, गाडीची दुसरी किल्ली आणि वाचायचा चष्मा ठेवला होता. अंगावरचा खिसा म्हणजे सर्वांत सुरक्षित जागा, असा त्याचा हिशोब. पहाटे संभाजीनगर सोडताना कडाक्याची थंडी होती, त्यामुळे तो हिशोब शिरूरपर्यंत बरोबरही ठरला. पुढे ऊन चढलं. महाराष्ट्रात डिसेंबरमध्येसुद्धा दुपारी बारानंतर पॅडवालं जॅकेट घालून चालणं नको होतं. थांबलं की पहिलं काय करतो आपण? जॅकेट उतरवतो. आणि जॅकेट उतरलं की त्याच्या खिशातलं सगळं अंगावरून उतरलेलं असतं.

रांजणगावला काही गेलं नाही, पुण्यात गेलं

पुण्याच्या अलीकडे साधारण पन्नास किलोमीटरवर रांजणगावच्या महागणपतीला ते थांबले. तिथे त्यांनी एकही कुलूप लावलं नाही. गाडी हार-प्रसादाच्या एका दुकानासमोर लावली, दुकानातल्या मावशींकडून नारळ आणि दूर्वा घेतल्या. मावशींनीच सांगितलं, "चपला, हेल्मेटं सगळं इथं फळीखाली ठेवा, जाऊन या निवांत." दोन्ही जॅकेटंही त्यांनी फळीखाली सरकवली. दर्शन होऊन परत आले तेव्हा सगळं जिथल्या तिथे.

हा आपल्याकडचा जुना आणि फार चांगला रिवाज आहे. पूजेचं सामान घेणाऱ्याची पादत्राणं सांभाळायची, ही देवळासमोरच्या दुकानदारांची रीतच आहे. दुचाकीवाल्यांनी त्यात हेल्मेट-जॅकेटची भर घातली तर कुणी नाही म्हणत नाही. तिथे सामान एका माणसाच्या नजरेखाली असतं आणि त्या माणसाला तुमचा चेहरा आठवत असतो.

पुण्यात शिरल्यावर मात्र चित्र पालटलं. बेत होता तो थेट कोथरूडला माझ्याकडे यायचा. पण नगर रस्त्याने येरवडा ओलांडून आत आल्यावर दोघांना वाटलं, दगडूशेठचं दर्शन वाटेतच आहे, उरकून घेऊ. मला फोन करून तसं सांगितलं आणि गाडी पेठेतल्या एका पे-अँड-पार्कमध्ये लावली. दिवसभरातला हा सर्वांत महागात पडलेला निर्णय. मध्यवस्तीतली गर्दी, अनोळखी जागा, गाडीवर दोन जिल्ह्यांचा प्रवास स्पष्ट दिसतोय आणि नंबर एमएच-२०. ही माणसं पाहुणी आहेत, दर्शनाला गेली आहेत आणि तासभर तरी येत नाहीत, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

माझं घर वनाझ मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून वनाझहून निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की मंडईत उतरता येतं. आधी घरी येऊन सामान टाकलं असतं तर दोघं रिकाम्या हातांनी मेट्रोने जाऊन आले असते. पाहुण्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण जो कुणी बाहेरगावाहून दुचाकीवर पुण्यात येणार असेल त्याला मी हेच सांगते: भरलेली गाडी पेठांमध्ये नेऊच नका. मुक्कामाच्या जागी जा, सामान उतरवा, मग शहर बघा. मुक्काम पुण्यात नसेल आणि नुसतं जाता जाता थांबायचं असेल, तर दोघांनी एकेक करून दर्शन घ्यावं आणि एकाने गाडीपाशी थांबावं. अर्धा तास जास्त जातो, एवढंच.

कापलेला पट्टा

पार्किंगमध्ये दादाने केलं ते असं. गाडी भिंतीकडच्या कोपऱ्यात लावली, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. टाकीवरची बॅग काढून वहिनीच्या खांद्याला दिली, तिच्यात मोबाइल, पैसे आणि कार्डं होती. दोन्ही हेल्मेटांच्या हनुवटीच्या पट्ट्याला असतात त्या लोखंडी डी-रिंगांमधून नंबरच्या कुलपाची तार ओवली आणि ती मागच्या ग्रॅब रेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीला अडकवली. जॅकेटं घडी करून बंजीच्या जाळीखाली खुपसली, हातमोजे त्यांच्या घडीत. पावती घेतली आणि निघाले.

परत आल्यावर आधी नजरेत आलं ते कुलूप, कारण ते जसंच्या तसं बंद होतं. तारेवर वहिनीचं हेल्मेट लटकत होतं. त्याच्या शेजारी दोन डी-रिंगा आणि बोटभर लांबीचा काळा नायलॉनचा पट्टा. पट्ट्याचं टोक एका बाजूला साफ कापलेलं, दुसऱ्या बाजूला धागे पिंजारलेले. ब्लेड अर्ध्यात अडलं असावं आणि उरलेलं ओढून तोडलं असावं. पोलादी तारेला हात लावायची चोराला गरजच पडली नाही. त्याने कुलूप आणि हेल्मेट यांच्यामधला सर्वांत कच्चा दुवा शोधला, तो कापडाचा होता.

फुल फेस हेल्मेटला तार ओवायची योग्य जागा डी-रिंग नाही. तार खालून मानेच्या बाजूने आत घालायची आणि समोर काचेच्या जागेतून बाहेर काढायची, म्हणजे हनुवटीसमोरचा कडक भाग तारेच्या वेढ्यात येतो. तो ब्लेडने कापता येत नाही. ओपन फेसला हा भागच नसतो, त्यामुळे ते तारेला लावून सोडून जाण्यात फारसा अर्थ नाही. ते हातात न्यावं, नाहीतर बॅगेत कोंबावं. या प्रकरणात उलटं झालं: ज्याला नीट बांधता आलं असतं ते गेलं आणि ज्याला बांधता येत नव्हतं ते राहिलं. महाग कोणतं हे चोराला दिसत होतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पट्टा कापलेलं हेल्मेट चोराच्या हाती गेल्यावर कुठे जातं? मोच्याकडून पट्टा शिवून घेऊन कुणाच्या तरी डोक्यावर. आयएस ४१५१ या हेल्मेटसाठीच्या भारतीय मानकात हेल्मेटच्या कवचाइतकीच पट्ट्याच्या मजबुतीचीही चाचणी असते, कारण अपघातात पट्टा तुटला की डोक्यावर काहीच राहत नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं म्हणून शिवलेल्या पट्ट्याचं हेल्मेट कृपा करून घेऊ नका. चोरीचा माल म्हणून नाही, तुमच्या जिवासाठी.

पार्किंगच्या कॅमेऱ्यात जे दिसलं ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. कॅमेरा फाटकावर रोखलेला होता, कोपऱ्यातली गाडी त्यात नव्हतीच. साध्या शर्टातला एक माणूस चालत आत गेला. काही मिनिटांनी हेल्मेट आणि जॅकेट घातलेला एक माणूस चालत बाहेर आला. बांध्यावरून तोच. तिकीट फाडणाऱ्या मुलाने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. का पाहील? दुचाकींच्या पार्किंगमध्ये हेल्मेट घातलेल्या माणसाइतका कमी संशयास्पद माणूस दुसरा नाही. शिवाय चेहरा झाकलेला. चोरीचा माल अंगावर घालूनच तो फाटकातून गेला.

पार्किंगचा मुलगा तिकिटं सांभाळत होता, गाड्या नाही. यात त्याची चूक काढण्यात अर्थ नाही, त्याला काम तेच दिलेलं. कोपऱ्यातली आडोशाची जागा आपल्याला सुरक्षित वाटते खरी, पण आडोसा चोरालाही तितकाच सोयीचा असतो. गाडी त्या मुलाच्या खुर्चीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर लावली असती तर आरशाला एखादा ओरखडा आला असता. तो परवडला असता.

खरा धोका किल्लीचा होता

वहिनीचा फोन आला तेव्हा ती हेल्मेट आणि जॅकेटबद्दलच बोलत होती. मी विचारलं, जॅकेटच्या खिशात काय होतं? दुसरीकडून दादाचा आवाज आला, "अगं, दुसरी किल्ली त्यातच होती." तिथे प्रकरणाचा रंग बदलला. चोराकडे आता चालू गाडीची किल्ली होती, गाडीचा नंबर असलेली आरसी होती, आणि गाडी कुठे उभी आहे हे त्याला माहीत होतं.

त्यांना तिथून हलू नका असं सांगून मी रिक्षाने निघाले. एकाने गाडीपाशी थांबायचं, दुसऱ्याने चौकीत जायचं, असं ठरलं. संध्याकाळी गाडी आमच्या सोसायटीत आणली, खांबाला साखळीने बांधली, पुढच्या डिस्कला माझं डिस्क लॉक लावलं. किल्ली हरवल्यावर हँडल लॉकचा काही उपयोग नसतो, तीच किल्ली ते उघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पेठेतून लॉक सेट आणला: इग्निशन, टाकीचं झाकण आणि साइड पॅनेल, तिन्ही एकाच नव्या किल्लीवर. ओळखीच्या मेकॅनिकने दुपारपर्यंत बसवून दिला. दौरा एका दिवसाने पुढे गेला.

किल्लीला विम्याची एक बाजू आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली आधीच हरवलेली असेल आणि तिची पोलिसांत नोंद नसेल, तर पुढे कधी गाडी गेलीच तर दावा अडतो. म्हणून किल्ली हरवणं हे कधीच किरकोळ समजू नये. दादाने तक्रारीची प्रत आणि लॉक सेटचं बिल त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करून ठेवलं.

चोरलेल्या सामानाची भरपाई विम्यातून मिळेल अशी त्याला थोडी आशा होती. ती मिळत नाही. दुचाकीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी गाडीची असते, आपल्या हेल्मेट-जॅकेटची नाही. आणि गाडीवर बसवलेल्या अॅक्सेसरीजचंही असं आहे की त्या एकट्या चोरीला गेल्या तर दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत भरपाई बसत नाही. गाडीसकट गेल्या तरच. महागडी टॉप बॉक्स बसवून ‘विमा आहे ना’ म्हणणाऱ्यांनी आपली पॉलिसी काढून ही ओळ एकदा वाचावी.

पार्किंगच्या पावतीवर ‘सामानाची जबाबदारी मालकाची’ असं छापलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या प्रकरणात असं ठरवलं होतं की व्हॅले पार्किंगसाठी, म्हणजे हॉटेलच्या माणसाने गाडी नेऊन लावण्यासाठी, किल्ली ताब्यात घेतल्यावर ‘मालकाच्या जोखमीवर’ या छापील ओळीमागे हॉटेलला लपता येत नाही. पण तिथे गाडी आणि किल्ली दोन्ही हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती आणि चोरी गाडीची होती. इथे किल्ली आपल्याच खिशात, गाडी जागेवर आणि गेलेलं सामान उघड्यावरचं. तेव्हा त्या वाटेने जाण्यात दम नव्हता. आम्ही गेलो नाही.

तक्रार ‘चोरी’चीच का लिहायची

चौकीत आधी विचारलं गेलं की ‘वस्तू गहाळ’ म्हणून नोंद करू का, लवकर होईल. थकलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो. हो म्हणू नये. गहाळ म्हणजे हरवलं. त्यात गुन्हा नाही, म्हणून तपासही नाही. इथे कापलेला पट्टा हातात होता, कॅमेऱ्यातलं चित्रण होतं.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरी. आणि इथे मालाची किंमत महत्त्वाची ठरते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्याहून जास्त असेल तर एफआयआर. प्रवासात गेलेल्या एकेका वस्तूची किंमत कमी वाटते: हातमोजे अमुक, पंप तमुक. पण तक्रार एका घटनेची असते, त्यामुळे सगळ्या वस्तू एकाच यादीत, किमतीसकट लिहून द्याव्यात. दादाकडे हेल्मेट आणि जॅकेटची बिलं ईमेलमध्ये होती, ती जागच्या जागी दाखवता आली. एकटं जॅकेटच पाच हजारांच्या वर होतं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्यावी. पुढच्या गावी पोचल्यावर चोरी लक्षात आली तर तिथल्या ठाण्यातही नोंद करता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

आरसीची अडचण जेवढी वाटली तेवढी झाली नाही. डिजिलॉकरमधली आरसी रस्त्यावर चालते, त्यामुळे दौरा पुढे नेता आला. नवी प्रत काढायला मूळ आरटीओकडे फॉर्म २६ भरावा लागतो आणि त्याला पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडावी लागते. मूळ आरसी घेऊन फिरण्याची गरजच आता राहिलेली नाही; ती घरी कपाटात असावी. लायसन्सचंही तेच.

सामान पुन्हा भरलं

त्या रात्री आमच्या हॉलमध्ये सगळ्या बॅगा रिकाम्या केल्या. मला दादाला एकच गोष्ट करायला लावायची होती: एकेक वस्तू हातात घेऊन विचार, ही गेली तर दौरा थांबेल का? किल्ल्या, पैसे, एक कार्ड, मोबाइल, वहिनीची थायरॉइडची गोळी. थांबेल. हे सगळं कमरेच्या पाऊचमध्ये गेलं, आणि पाऊच जॅकेटच्या वर नाही, शर्टावर. जॅकेट उतरलं तरी पाऊच उतरत नाही. दोन किल्ल्या मात्र एका माणसाकडे नकोत. दुसरी वहिनीच्या गळ्यातल्या दोरीत, कुर्त्याच्या आत. जॅकेटच्या खिशात यापुढे फक्त रुमाल आणि टोलनाक्यावरची चिक्की.

वहिनीने यात स्वतःची एक भर घातली, ती मला फार पटली. सॅडल बॅगांच्या आत तिने कापडी पिशव्या घातल्या, बाजारात नेतो तसल्या. मुक्कामाला पोचलं की चिखलाने भरलेली सॅडल बॅग गाडीवरच राहते, आतली पिशवी उचलून खोलीत. आधी हे दोघं बॅगा सोडायला दहा मिनिटं लागतात म्हणून थकल्यावर त्या रात्रभर गाडीवरच ठेवायचे. काम सोपं केलं की माणूस ते करतो.

बॅगांच्या चेनच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या एकत्र आणून प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधल्या. टाय म्हणजे कुलूप नाही, पण जाता-जाता बोटाने चेन ओढणाऱ्याला ती थांबवते आणि परत आल्यावर कुणी हात लावला का ते लगेच कळतं. टायांचा जुडगा आणि छोटी कात्री पाऊचमध्ये. बाहेरच्या उघड्या कप्प्यांत काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. पंप तिथूनच गेला होता.

बंजीबद्दल माझं मत पूर्वीपासून कडक आहे. ती हूक काढला की सुटते, आपल्यासाठीही आणि दुसऱ्यासाठीही. वर ताणलेला हूक निसटून डोळ्यात बसण्याचा धोका वेगळाच. टेल बॅग आता बकलवाल्या पट्ट्यांनी बांधली, पट्ट्यांची मोकळी टोकं आत खोचून. आणि सगळ्यावर वहिनीने खताची रिकामी, धुतलेली पांढरी पोती घातली. कोकणातल्या रस्त्यावर पोत्याखालचं सामान कुणाच्या नजरेत भरत नाही. दादाला ते आवडलं नाही, फोटोत वाईट दिसतं म्हणाला. पोतं राहिलं.

जॅकेटसाठी पातळ, लांब तार घेतली, जॅकेटच्या एका बाहीतून आत आणि दुसरीतून बाहेर काढून मग हेल्मेटच्या हनुवटीतून नेता येईल इतकी. ही तार कटरने कापता येते, आणि थांबा तासाभराचा असेल तर मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. तिचं काम चहाच्या थांब्यापुरतं. हेल्मेटशिवाय पुढे जाता येत नव्हतं, मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचं आहे. माझं एक फुल फेस दादाला घट्ट बसलं, ते दिलं.

ताम्हिणीच्या पुढे

चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी करत घाट उतरताना त्यांनी थांबे आधीसारखेच घेतले, थांबायची पद्धत बदलली. टपरीवर गाडी खुर्चीपासून दिसेल अशी, आणि दोघांपैकी एकाचं तोंड गाडीकडे. जेवायला थांबल्यावर हॉटेलच्या गल्ल्यासमोर गाडी. गल्ल्यावरचा माणूस दिवसभर त्याच दिशेला बघत बसलेला असतो. पेट्रोल भरून झाल्यावर पंपाच्या मागे अंधारात न जाता हवा भरणाऱ्या मुलाजवळ थांबायचं. उतरल्या उतरल्या त्या मुलाशी दोन शब्द बोलायचे, कुठून आलो, कुठे चाललो. ओळख झालेल्या माणसाच्या समोरून सामान उचलणं अवघड असतं, हे रांजणगावच्या मावशींकडे दिसलंच होतं.

घाटांमध्ये दुसरा चोर असतो, माकड. वरंध किंवा माळशेजला ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांना माहीत आहे, की खाण्याचा वास आला तर माकडं बॅगेची चेन माणसासारखी उघडतात. तिथे तार, कुलूप, टाय काही कामाचं नाही. खाणं बाहेरच्या पिशवीत ठेवायचं नाही, आणि माकडं दिसली तर गाडी सोडून फोटोला जायचं नाही.

दिवेआगरला घरगुती मुक्कामात काकूंनी गाडी अंगणात, वाडीच्या आत घ्यायला सांगितली. समुद्रावर जाताना अडचण आली ती पाऊचची: पाण्यात जाणाऱ्याच्या कमरेला तो ठेवता येत नाही आणि वाळूत पुरून ठेवणं म्हणजे किल्ली समुद्राला वाहणं. दोघं पाळीपाळीने पाण्यात गेली. किंवा काकूंकडे ठेवून जाता आला असता. वहिनी म्हणाली, पुढच्या वेळी तसं करू.

परतीच्या वाटेवर ते पुन्हा माझ्याकडे थांबले. हेल्मेट सापडलेलं नाही, जॅकेटही नाही. एफआयआरची प्रत, नव्या किल्लीचं बिल आणि फॉर्म २६ एका फाइलमध्ये लावून त्यांनी नेले. आता घरात वाद चालू आहे तो कडक टॉप बॉक्स घ्यायची की नाही याचा. दादा म्हणतो, दोन्ही जॅकेटं आत टाकून किल्ली फिरवली की विषय संपला. वहिनीचं म्हणणं असं की बॉक्सचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने उचकटतं, आत काहीतरी महागडं आहे हे बॉक्स लांबूनच सांगते, आणि झाकणाच्या आत लिहिलेली वजनाची मर्यादा दादा पहिल्याच दिवशी ओलांडेल. मला विचाराल तर शहरातल्या रोजच्या वापराला बॉक्स उत्तम. लांबच्या दौऱ्यात तिच्यात रेनकोट आणि पंक्चरचं सामान एवढंच ठेवावं, जॅकेटं तारेवर आणि किल्ल्या अंगावरच.